अजून चार बोटं

फाल्गुनात ऊन कलायला लागलं की मी मागची खिडकी उघडून बसते. शेजारच्या बाई नेमक्या त्याच वेळी त्यांची खिडकी धाडकन लावून घेतात. "धुरानं पडदे खराब होतात हो," असं त्या मला दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी मान हलवते. शहापूर आता चहूबाजूंनी सुटलंय, तरी आमच्या इमारतीमागे भाताची चार-पाच खाचरं तग धरून आहेत आणि तिथे कुणीतरी अजून राब भाजतं. ऐनाचा वाळलेला पाला, शेण, गवत आणि त्यावर भुरभुरलेली माती. हे सगळं एकत्र जळतं तेव्हा जो वास येतो, तो मला अत्तरापेक्षा प्रिय आहे असं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून म्हणत नाही.

नवख्या माणसाला वाटतं, कुणी कचरा जाळतंय. पाऊस तीन महिने लांब असतो, आभाळात नावालाही ढग नसतो आणि इकडे माणूस उन्हातान्हात पाला पसरून जमीन भाजत बसलेला असतो. का, तर ज्येष्ठात त्या भाजलेल्या तुकड्यात रोप जोमदार यावं. विस्तव लावायचा तोही वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकते आणि खालची माती नीट भाजते. वाऱ्याच्या बाजूनं लावला तर पाला भुर्रकन जळतो आणि माती कच्ची राहते. पुढच्या दिवसांसाठी आज काहीतरी करून ठेवायचं, तर ते सावकाश करायचं, हे मी पहिल्यांदा राबाच्या कडेला उभी राहून शिकले. सावकाशीची हद्द कुठे संपते हे मात्र मला कुणी शिकवलं नाही.

मागच्या आठवड्यात बँकेत गेले होते. खिडकीमागची मुलगी म्हणाली, "आजी, तुमची ही ठेव दोन वर्षांपूर्वीच पिकली होती. तुम्ही आलाच नाहीत." तिनं अगदी सहज म्हटलं. मी मात्र तिथल्या बाकावर बसले आणि पाणी मागितलं. बिचारी घाबरली. तिला काय सांगणार, की हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलंय, अंगाला हळद लागलेली असताना.

आमची वाडी टोकावड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. घरात बाबा, माझा भाऊ हरी आणि मी, भागी. आई मला आठवत नाही. आमच्याकडे जमीन होती, पण सगळी उतरणीची. तिच्यात नाचणी येई, वरी येई, भात येत नसे. भाताला सपाट जागा लागते, पाणी धरणारी माती लागते. दादा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला आणि एका फाल्गुनात, नाचणीचा राब भाजून झाल्यावर, हातपाय धुऊन म्हणाला, "बाबा, मी मुंबैला जातो. इथं भाताचं येक खाचर नाय आपल्याला. काय करू ऱ्हाऊन?"

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच चलनात आले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. बाबा राखेकडे बघत म्हणाले, "व्हळावर ताल घालतो. सात-आठ वर्सांत खाचर व्हईल."

"झालं की बोलवा. त्या दिशी येतो," दादा म्हणाला.

ताल म्हणजे ओहोळाच्या आडवा घातलेला दगडी बांध. पावसात ओहोळ डोंगरावरची माती घेऊन धावतो. आडवे दगड असले की पाणी फटींतून निघून जातं आणि माती मागे बसते. दर उन्हाळ्यात दगडांचा एक थर वाढवायचा, दर पावसाळ्यात मातीचा एक थर साचू द्यायचा. अशी हातभर माती साचली की तिच्यात भात लावता येतो. माणूस नुसते दगड रचतो आणि वाट बघतो, बाकीचं ओहोळ करतो. आमच्या भागात किती खाचरं अशी झालेली आहेत, आणि ती करणारे किती जण त्यातला भात खायला उरले नाहीत.

दादा गेला आणि पहिल्या गणपतीला आला तेव्हा त्यानं खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. त्याच्यावर त्यानं मुंबईतल्या चाळीचा पत्ता कुणाकडून तरी सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता. बाबांना लिहिता येत नव्हतं, मला जेमतेम बाराखडी येत होती, आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. हे सगळं दादानं विचारात घेतलं होतं. "काय लिवायचं नाय. खाचर झालं की नुसतं पेटीत टाका. कोरं कार्ड आलं की मी समजंन," तो म्हणाला. बाबांनी ते कार्ड चुलीच्या वरच्या कुडाच्या भिंतीला बांबूची काडी खोचून लावलं. पुढची सगळी वर्षं ते तिथे होतं. भाकरी भाजताना मान वर केली की दिसायचं.

दादा गिरणीत बदलीवर लागला होता. बदलीवाल्याला उन्हाळ्यात काम पुष्कळ, कारण कायम झालेले लोक लग्नसराईला गावी जातात. त्यामुळे दादा उन्हाळ्यात कधी येऊ शकत नसे. यायचा तो गणपतीत, आणि तेव्हा ओहोळ भरून तालावरून वाहत असे. लाल पाण्याखाली किती माती आहे हे त्याला कसं दिसणार? तो काठावर उभा राहून विचारायचा, "किती झालं?" बाबा बोटं दाखवायचे.

बोटांचं माप खुंट्यावरून. बाबांनी पहिल्याच वर्षी तालामागे मधोमध खैराचा एक खुंटा ठोकला होता आणि त्याला जमिनीपासून एक हात उंचीवर खाच पाडली होती. माती त्या खाचेला लागली की खाचर तयार. मोजायचा दिवस ठरलेला, नाचणीचा राब भाजायचा दिवस. तोवर माती वाळून खाली बसलेली असते, ओली माती फुगून खोटं बोलते, असं बाबा म्हणत. राब पेटवला की आग आपली आपण सरकत राही. तेवढ्या वेळात आम्ही दोघं ओहोळात उतरत असू. बाबा खुंट्याजवळ उकिडवे बसत, मातीपासून खाचेपर्यंत बोटं लावत, आणि उरलेलं अंतर मोठ्यानं सांगत. वर्षाला तीन बोटं, कधी चार बोटं माती साचे. एका वर्षी पाऊस कमी झाला तर दोनच साचली.

मग चैत्र-वैशाखात दगड. मी नऊ वर्षांची असल्यापासून दगड वाहिले. आधी ओंजळीएवढे, मग डोक्यावर चुंबळ ठेवून. बाबा दगड हातात घेऊन तीनदा फिरवून बघत. "दगडाला तोंड असतं, तोंड बघून बसव गो," म्हणत. भर उन्हात त्या कोरड्या ओहोळात दुसरा आवाज नसे. दगडावर दगड टेकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तोच. आम्ही दोघं दिवसभरात दहा वाक्यंही बोलत नसू. घरी येऊन जेवायला बसलो की बाबा दादाच्या पाटाकडे बघत. तो पाट आम्ही कधी उचलून ठेवला नाही.

हे खाचर कुणासाठी, असा प्रश्न मला पडत नसे असं नाही. ते दादासाठी होतं, हे उघड होतं. मुलगी म्हणून मला त्यातला एक पेंढाही मिळायचा नव्हता. पण खरं सांगायचं तर मला दगड वाहायला आवडायचं. बाबांच्या बरोबर असायला आवडायचं. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून लग्न होऊन गेल्या, वाडीत मला बोलायला कुणी उरलं नाही, आणि बाबांना तर आधीपासूनच कुणी नव्हतं. दोन एकटी माणसं एका कामाला लागली की त्यांना आपण एकटे आहोत हे जरा उशिरा कळतं.

मी पंधरा वर्षांची असेन. येसूआत्या, म्हणजे बाबांची बहीण, अंगणात बसून माझ्या लग्नाचं काढत होती. बाबा म्हणाले, "खाचर झालं, हरी आला, की भागीचं करून टाकू. दोन महिन्यांत." मी आत भाकरी थापत होते. समोर कार्ड होतं. त्या फाल्गुनात खाचेला चारच बोटं उरली होती, म्हणजे एकच पावसाळा.

तो पावसाळा चांगला झाला. दिवाळी झाली, पाणी ओसरलं, आणि शेळ्या बघायला म्हणून मी ओहोळात गेले. चिखल लोण्यासारखा मऊ होता. माती खाचेला लागली होती. मी इकडे तिकडे बघितलं, खुंटा दोन्ही हातांनी धरून हलवला, चार बोटं वर ओढला, आणि तो खाली बसू नये म्हणून त्याच्या बुडाशी गोटे दडपले. वर चिखल सारवून टाकला. हात धुतले आणि शेळ्या घेऊन घरी आले. मला लग्न नको होतं असं नाही. पण दादा आला नाही तर? बाबा एकटे त्या घरात कार्डाकडे बघत बसलेले मला दिसायचे. मला वाटलं, एक वर्ष. एका वर्षानं काय बिघडतं?

फाल्गुनात राब पेटवला, बाबा उकिडवे बसले, बोटं लावली. म्हणाले, "अजून चार बोटं."

दुसऱ्या दिवाळीनंतर मी पुन्हा गेले. आणि खुंट्याजवळ पोचायच्या आधीच थांबले. चिखलात पावलं उमटलेली होती, मोठी, आणि डाव्या पावलाला करंगळी नव्हती. ऐनाच्या फांद्या छाटताना कुऱ्हाडीनं बाबांची करंगळी गेली होती. खुंट्याभोवतीची माती ताजी उकरलेली आणि हातानं थोपटून बसवलेली होती. खुंटा चार बोटं वर आला होता.  मग आल्या पावली परत फिरले. खुंट्याला हात लावायची गरजच उरली नव्हती.

त्या फाल्गुनात आम्ही दोघं मोठ्या गंभीर चेहऱ्यानं ओहोळात उतरलो. बाबांनी बोटं लावली. "अजून चार बोटं." मी म्हटलं, "व्हय बाबा, चार बोटं." मग दोघंही राबाकडे बघायला गेलो, आणि बाबा त्या दिवशी उगाचच पुष्कळ बोलले.

आता वाटतं, आम्ही कशाला भीत होतो? खाचर झालं नव्हतं तोवर दादा येणार होता. ते झालं असतं तर तो आला तरी असता, नाहीतर आला नसता. जे वर्षानुवर्षं घडवत आलो, ते घडून गेल्याचं कबूल करायलाच धीर होईना. पेरायचा धीर सगळ्यांना असतो. काढायच्या वेळी हात कापतात, हे मी बाबांच्यात पाहिलं आणि स्वतःत पाहिलं.

शेवटी येसूआत्याच चिडली. "पोरीला काय त्या खुंट्याला बांधून ठेवतूस?" म्हणाली, आणि शहापूरचं स्थळ घेऊन आली. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होता. वैशाखात लग्न ठरलं आणि बहिणीचं लग्न म्हणून दादा रजा काढून आला. आठ वर्षांत पहिल्यांदा तो कोरड्या दिवसांत घरी आला होता. हळद लागली त्या सकाळी तो सहज ओहोळाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात खुंटा होता, अख्खा, उपटलेला.

"येका हातानं निघाला," तो म्हणाला. "बुडाला गोटेच गोटे. बाबा, ह्ये तर दोन वर्सांमागंच झालंय. कोणी उचलला खुंटा?"

मी हळदीच्या अंगानं दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मीच."

"मग कार्ड का नाय टाकलंत?"

बाबा खाली बघत म्हणाले, "नसतास आला, तर?"

दादा ओट्यावर बसला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दोन वर्सां, बाबा. टपालवाला चाळीत आला की मी जिन्यात जाऊन उबा ऱ्हायचो. मला कायम करीत व्हते, मी म्हटलं थांबा, गावास्न कार्ड यायचंय. पोरं हसायची. ह्या माघात घेतली नोकरी. आता कसा येऊ?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वर्ष माझं आहे, एवढं तरी सांगायला हवं होतं. मी बोलले नाही. लग्नघर होतं, लोक होते, आणि खरं कारण म्हणजे मी भ्याले. दादा आत गेला, कुडावरचं कार्ड काढलं, अंगठ्यानं काजळी पुसून पत्ता वाचला, आणि ते पुन्हा होतं तिथेच खोचलं. "असू दे. लागंल," म्हणाला. लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं मी शहापूरला आणि तो मुंबईला गेला. त्या दिवशी बाबांनी दोन पाट एकदम उचलून ठेवले असतील.

त्या वर्षी खाचरात पहिला भात लागला. बाबांनी एकट्यानं लावला. नंतरही दरवर्षी लावत राहिले, आणि मला, दादाला, दोघांनाही तांदूळ पाठवत राहिले. उत्तम तांदूळ होता. दोन वर्षं जास्त मुरलेल्या मातीचा होता, असं मी मनात म्हणायची आणि घास गिळायची. मास्तरांनी मला शिकवलं, मी परीक्षा दिल्या, पुढे स्वतः शिक्षिका झाले. मुलांना गणितं घातली, पण मापाचा धडा मी नेहमी घाईनं उरकायची.

माझ्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. फाल्गुनच होता. मी आठ दिवसांसाठी म्हणून वाडीला गेले. राब पसरून तसाच पडला होता. मी पदर खोचून तो पेटवला, वाऱ्याच्या उलट टोकाला, त्यांनी शिकवलं तसा. आत आले तर त्यांना वास आला होता. म्हणाले, "बरा पेटवलास." मग थोड्या वेळानं, छपराकडे बघत, "पयल्या साली तू काढलावतास ना गो खुंटा?"

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुमास्नी ठावं व्हतं?"

"बुडाला गोटे बारके व्हते. माझ्या हातचे नवते."

"मग बोललात का नाय, बाबा?"

"बरं वाटलं," ते म्हणाले. बाकी काही नाही. एवढंच. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, त्या करंगळी नसलेल्या पायाशी. थोड्या वेळानं म्हणाले, "आता ते कार्ड टाक गो."

"मी लिहिते ना त्यावर. तुमचं दुखणं कळवते."

"काय लिवू नको. त्याला समजतं."

मी ते घेऊन टोकावड्याला गेले. पोस्टातल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, लई जुनं कार्ड. वर तिकीट लावाया लागंल. आन् ह्याच्यावर तर काय लिवलेलंच नाय!" मी म्हटलं, लिहायचं नाहीच आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूच आलं. तिकीट लावलं, कार्ड पेटीत टाकलं, आणि खूप वर्षांनी माझं काळीज हलकं झालं. दादाच्या हाती पडेल, तो जिन्यात वाचेल, वाचण्यासारखं काही नसलेलं ते कार्ड, आणि निघेल.

बाबा रोज बसची वेळ झाली की मान दाराकडे वळवत. सहा दिवस वळवली. सातव्या दिवशी गेले.

दादा आला तो येसूआत्याच्या मुलानं गिरणीच्या पत्त्यावर केलेल्या तारेवर, तिसऱ्या दिवशी. अंगण ओलांडून आत आला, चुलीजवळ उभा राहिला, आणि सवयीनं त्याची नजर वर गेली. सगळा कूड धुरानं काळा झालेला होता, आणि मधोमध कार्डाएवढी जागा तेवढी पांढरी होती. 

"कंदी टाकलं?" त्यानं विचारलं.

"राब भाजला त्या दिशी. बाबांनीच सांगितलं, टाक म्हणून."

"दिवाळीत खोली बदलली गो मी," दादा म्हणाला. "पत्ता कळवायचा ऱ्हायला."

कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, त्यामुळे ते परतही कुठे आलं नाही. मी तेव्हा दादाला सगळं सांगितलं, पहिल्या वर्षाचं, बारक्या गोट्यांचं. तो रागावला नाही. त्यानं हात वर केला आणि कुडावरच्या त्या पांढऱ्या जागेवर टेकवला. चार बोटं तिथे बरोबर मावली.